प्रत माहितीसाठी

गारखेड्यातल्या काकांच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागं एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला पुठ्ठ्याचं पॅड टांगलेलं होतं. त्याला मुलांनी आपले अर्ज लावायचे. मुलं म्हणजे दोनच, काकांची माधुरी आणि मी. काही हवं असेल, काही नको असेल, कुठं जायचं असेल, घरातल्या कुणाबद्दल काही म्हणायचं असेल, तर फुलस्केपच्या अर्ध्या पानावर लिहून पॅडला लावायचं. शनिवारी संध्याकाळी काका चहा घेत, घसा साफ करत आणि एकेक अर्ज मोठ्यानं वाचत. मंजूर असेल तर खाली ‘मंजूर’ लिहीत. नामंजूर असेल तर का, तेही लिहीत. ‘मी म्हणतो म्हणून’ हे कारण त्या घरात चालत नसे. शनिवारी उत्तर द्यायचं राहून गेलं तर अर्ज मंजूर धरायचा, हा नियम काकांनी स्वतःच स्वतःवर घालून घेतलेला होता. एकदा काका तापानं पडले, शनिवार तसाच गेला आणि माधुरीला मांजर पाळायची परवानगी मिळाली. मांजर नऊ वर्षं जगलं.

काका म्हणजे माझे सख्खे काका नव्हेत. ते कालव्याच्या ऑफिसात आवक-जावक सांभाळणारे कारकून. मी लहान असताना कालव्याच्या कामावर त्यांची नेमणूक आमच्या गावाकडं झाली होती आणि दीड वर्ष ते आमच्या घराच्या बाहेरच्या खोलीत राहिले होते. त्यांच्या घरी पूजापाठाची परंपरा, कांदा-लसूण जेमतेम. पण दीड वर्ष आमच्या आईच्या हातची ज्वारीची भाकरी आणि येसराची झणझणीत आमटी खाऊन ते गेले, आणि ते विसरले नाहीत. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. मी सातवी झाले तेव्हा त्यांचं कार्ड आलं, की मुलीला पाठवा, आमच्या माधुरीबरोबर शिकेल. कार्ड मीच वाचून दाखवलं, कारण बापूंना, म्हणजे माझ्या वडिलांना, वाचता येत नव्हतं. माझ्यासारख्या पोरीला दहावीपर्यंत जायला मिळेल, असं तोवर आमच्या भावकीत कुणी म्हटलं नव्हतं. मला दहावी व्हायचं होतं. झाले नाही. ते कसं झालं नाही, तेवढंच इथं लिहायचं आहे. गारखेडा ज्या शहरात आहे त्याचं नाव आता बदललं. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर जुनंच आहे आणि तो बदलून घ्यायची वेळ काही आली नाही.

आमच्या घरी मुलांशी कुणी बोलत नसे असं नाही. लई बोलत. पण ते सगळं एकाच बाजूनं यायचं. “ए पोरी, शेण काढ.” “कुठं मेली व्हतीस?” “दात काय काढायलीस?” यातल्या दोन वाक्यांना प्रश्नचिन्ह असलं तरी उत्तर दिलेलं चालत नसे. बापू तर बोलायचेच कमी. बैलांना ते ‘चल बाबा’ म्हणत आणि मला ‘चल’. याचं मला कधी वाईट वाटलं नाही, बैल जास्त काम करायचे. पण बापू कुणाला काही विचारतायत, असं मी तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं. त्यांना जे कळायचं ते बघून कळायचं.

असल्या घरातून गेलेली मी. गारखेड्यातला पहिला दिवस, काकूंनी ताट वाढता वाढता विचारलं, “इंदू, तुला आमटी तिखट चालते ना ग?” मला वाटलं ही परीक्षा आहे. मी म्हटलं, नाही चालत. त्यानंतर दीड महिना मी चिंच-गुळाची गोड आमटी, मेतकूट-भात आणि घडीच्या मऊ पोळ्या खाल्ल्या, आणि रात्री स्वप्नात ठेचा बघितला. सांगायचं कसं? माधुरी म्हणाली, “अर्ज कर की.” पंधरा दिवस मी मनातल्या मनात अर्ज करत होते. शेवटी केला. विषय: जेवणात ठेचा मिळणेबाबत. शनिवारी काकांनी तो इतर अर्जांसारखाच गंभीरपणे वाचला आणि खाली लिहिलं, ‘मंजूर. काकूंना तिखट सोसत नसल्याने ठेचा वेगळ्या वाटीत.’ मग चष्मा काढून म्हणाले, “इंदुमती, अर्ज व्यवस्थित आहे. फक्त एक राहिलं. खाली लिहायचं, प्रत माहितीसाठी, काकूंना.”

हे प्रतीचं प्रकरण काकूंमुळं सुरू झालं होतं. त्यांचं म्हणणं असं, की या घरात सगळं त्या दारामागं ठरतं आणि मला मात्र शेवटी कळतं. म्हणून प्रत्येक अर्जाची एक प्रत कार्बन घालून काढायची आणि काकूंच्या पोळपाटाखाली ठेवायची. काकू ती वाचत आणि तिच्यावर पोळीचं पीठ सांडवून ठेवत. तेवढंच. प्रत म्हणजे काही तक्रार नव्हे, घरातल्या मोठ्या माणसाला कळवणं, हे माझ्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते अगदी पक्कं बसलं.

फुलस्केप संपले की काका मला आणि माधुरीला घेऊन शहागंजला जात. तिथला कागदवाला काकांना चांगला ओळखायचा. रीम बांधता बांधता म्हणायचा, “क्या साब, घर में बी दफ्तर खोल लिये क्या?” काका म्हणत, “हौ.” तो हसायचा. काका हसत नसत. मग आमच्याकडं बघून तो विचारायचा, “और ये दोनों कौन, चपरासी?” काका म्हणायचे, “नहीं, अर्जदार.”

मला कुणी विचारलं की आयुष्यात काय मिळालं, तर मी त्या पॅडचं नाव सांगते आणि समोरचा माणूस विषय बदलतो. आज मी कोइमतूरला असते. यजमान पंपाच्या कारखान्यात होते, त्यांच्यामागं मी इथंच राहिले आणि एका पाळणाघरात काम करते. मला तमिळ येतं ते सगळं आदरार्थीच येतं, कारण सुरुवातीला शेजारणींशी आणि दुकानदारांशी बोलून शिकले. लहान पोरांशी कसं बोलतात ते शिकायचं राहून गेलं. त्यामुळं दोन-दोन वर्षांच्या मुलांना मी, आपण भात घेता का, आपल्याला शू आली आहे का, असं विचारते. आया हसतात. मुलं मात्र थांबून, विचार करून उत्तर देतात. काही चुकत तर नाही ना, अशी धास्ती मला रोज वाटते, पण ती मला गॅस बंद केला का याचीही वाटते.

शाळेचं सांगते. शाळा मुलींची, मोठी. एकेका वर्गात साठ-पासष्ट जणी. आठवी नीट गेली. नववीत गणिताला ज्या बाई आल्या, त्या शिकवायला चांगल्या होत्या, हे आधी लिहायला हवं. बीजगणित मला त्यांच्यामुळंच समजलं. त्यांची एक पद्धत होती. शहरातल्या मुलींना त्या नावानं हाक मारत आणि बाहेरून आलेल्यांना गावावरून. “ए पैठण, फळा पूस.” “ए कन्नड, उभी राहा.” मला त्या परतूर म्हणायच्या. उत्तर बरोबर आलं तर नुसतंच “बस.” चुकलं तर, “परतूरला असंच शिकवतात वाटतं?” वर्ग हसायचा. पैठण आणि कन्नडसुद्धा हसायच्या, कारण त्या वेळी पाळी त्यांची नसायची. त्यांची असली की मी हसायचे, हेही खरं आहे.

मला हसण्याचं इतकं नव्हतं. पण मी परतूरची नव्हतेच. परतूर स्टेशन, आमचं गाव तिथून पुढं बैलगाडीनं दोन तास. परतूरला मी शाळेत एक दिवसही गेले नव्हते, आणि माझ्या चुकांसाठी तिथल्या मास्तरांना जूनपासून बोलणी बसत होती. याचा मला लई घोर लागला. रात्री माधुरीला म्हटलं तर ती झोपेत म्हणाली, “अर्ज कर की.”

मी अर्ज केला. चांगल्या अक्षरात, समास सोडून. तो मला आजही पाठ आहे. ‘प्रति, गणिताच्या बाई. विषय: वर्गात नावाने हाक मारणेबाबत. महोदया, वरील विषयी विनंती करते की, माझे नाव इंदुमती असून परतूर हे माझे गाव नाही. तरी यापुढे नावाने हाक मारावी. ते शक्य नसल्यास कारण कळवावे. शनिवारपर्यंत उत्तर न आल्यास अर्ज मंजूर समजण्यात येईल. आपली आज्ञाधारक.’ आणि खाली, जसं शिकवलं होतं तसं, ‘प्रत माहितीसाठी, मोठ्या बाईंना.’ मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. एक प्रत गणिताच्या बाईंच्या टेबलावर ठेवली, दुसरी मोठ्या बाईंच्या शिपायाकडं दिली आणि हलक्या मनानं डबा खाल्ला. घरच्या पॅडवर मी हे टाकलं नव्हतं. घराचा यात काही संबंध नव्हता.

उत्तर शनिवारच्या आत आलं. मंगळवारीच आलं. चौथ्या तासाला शिपाई बोलवायला आला.

मोठ्या बाईंच्या समोर दोन्ही प्रती होत्या. गणिताच्या बाई बाजूला उभ्या होत्या आणि डोळ्यांना पदर लावत होत्या, हे बघून मी घाबरले. मोठं माणूस आपल्यामुळं रडेल, हे माझ्या हिशेबातच नव्हतं. “बावीस वर्षं शिकवतेय मी,” त्या म्हणाल्या, “माझी तक्रार वर पाठवते ही. मुदत घालून देते मला!” मोठ्या बाईंनी ‘मंजूर समजण्यात येईल’वर बोट ठेवलं आणि विचारलं, “हे तुला कुणी लिहून दिलं?”

मी म्हटलं, “कुणी नाही.”

“खोटं बोलू नकोस. ही भाषा पोरींची नाही. घरात कोण आहे कारकून?”

त्यांनी काकांना बोलावलं, आणि रजिस्टरमध्ये पालक म्हणून ज्यांचं नाव आहे त्यांनाही. गावात फोन एकाच दुकानात होता. दुकानदारानं बापूंना काय निरोप दिला कोण जाणे. बहुतेक एवढाच, की पोरीच्या शाळेत बोलवलंय. बापू गुरुवारी आले. धुतलेलं धोतर, टोपी, आणि टॉवेलात बांधलेली हुरड्याची कणसं. शाळेत बोलावणं आलंय म्हणजे काही चांगलं असेल, असं धरून ते निघाले होते.

त्या खोलीत खुर्च्या तीन होत्या. मोठ्या बाई एकीवर, गणिताच्या बाई दुसरीवर, तिसरीवर काका. बापूंना काका उठून जागा देऊ लागले तर ते म्हणाले, “असू द्या, असू द्या,” आणि भिंतीला टेकून उभे राहिले. त्याआधी त्यांनी टॉवेल सोडून कणसं मोठ्या बाईंच्या टेबलावर, माझ्या दोन्ही अर्जांवर ठेवली.

“हे काय?” मोठ्या बाई म्हणाल्या.

“हुरडा हाय, बाई. भाजून खावा.”

मोठ्या बाईंनी कणसांखालून अर्ज ओढून काढले आणि वाचून दाखवले. दोनदा वाचले, दोन प्रती असल्यामुळं असेल. मग म्हणाल्या, की हा उद्धटपणा आहे, शाळेत असं चालू दिलं तर उद्या प्रत्येक पोरगी बाईंना नोटीस देईल. मुलीनं माफीनामा लिहून द्यावा, तो वर्गात वाचावा. नाहीतर घेऊन जावं.

मी काकांकडं बघितलं. मला खात्री होती, की आता काका चष्मा पुसतील आणि सांगतील, की बाई, यात उद्धट काही नाही, आमच्याकडं पाच वर्षांच्या मुलीचाही अर्ज घेतात आणि तिला कारण कळवतात. काकांनी चष्मा पुसलाही. मग ते म्हणाले, “मॅडम, आपलं बरोबर आहे. मुलगी अजाण आहे. लिहून देईल ती.” आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “इंदुमती, वही काढ. मी मजकूर सांगतो, तसा लिही.”

काकांनी त्या घरात कधी कुणाला मजकूर सांगितला नव्हता. माधुरीनं मांजराचा अर्ज सहा वेळा चुकवला तरी सांगितला नव्हता. ज्याचा अर्ज त्याचे शब्द, असं ते म्हणत. मी वही काढली. पण पेनचं टोपण काही निघेना. गणिताच्या बाई म्हणाल्या, “आता हात चालत नाही का?” 

भिंतीजवळून बापू म्हणाले, “तिचं काय म्हननं हाय?”

“कुणाचं?” मोठ्या बाईंना खरंच कळलं नाही.

“पोरीचं.”

“तिचं म्हणणं तिनं लिहिलंय की. आत्ताच वाचलं ना तुमच्यापुढं?”

“ते झालं, बाई. ते तवाचं हाय. आताचं इचारतो.” आणि बापू माझ्याकडं वळले. तेरा-चौदा वर्षांत मी त्यांचा चेहरा इतका समोरून बघितला नव्हता. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, “काय करायचं ग, पोरी, तुला?”

या क्षणाकडं मी फार वेळा परत गेले आहे. मला काय करायचं होतं? मला दहावी व्हायचं होतं. मला इंदुमती म्हणवून घ्यायचं होतं. गणिताच्या बाईंनी रडू नये असंही वाटत होतं. हे सगळं मी अर्धं पान मिळतं तर विषय घालून नीट लिहिलं असतं. तोंडी विचारलं गेल्याची मला सवय नव्हती, आणि बापूंनी विचारल्याची तर नव्हतीच. माझ्या तोंडून जे आलं ते आलं.

“घरी जायचं.”

“चल,” बापू म्हणाले.

काका खुर्चीतून उठले. “अहो, असं एकदम नका हो. ती रागात बोलतेय. दोन दिवस जाऊ द्या, विचार करू द्या तिला.”

“तिनं सांगितलं की,” बापू म्हणाले. ते रागावले नव्हते. त्यांनी विचारलं होतं, उत्तर आलं होतं, त्यांच्या लेखी काम संपलं होतं. टॉवेल झटकून त्यांनी खांद्यावर टाकला. कणसं तिथंच राहिली.

दाखला मिळायला दोन तास लागले. काकूंनी डोळे पुसत दशम्या आणि लिंबाचं लोणचं बांधून दिलं. माधुरी शाळेतून यायची होती. काका आम्हाला पोचवायला मुकुंदवाडी स्टेशनवर आले. पॅसेंजर उशिरा होती. बापू नळावर पाणी प्यायला गेले तेव्हा काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि कागदाविना, नुसतं तोंडानं म्हणाले, “इंदुमती, मी तिथं बोलायला हवं होतं. मला साहेबाच्या खोलीत बोलता येत नाही. कधीच आलं नाही. चूक माझी झाली.”

मी म्हटलं, “व्हय.”

यापेक्षा काहीतरी बरं बोलायला हवं होतं, हे मला नंतर कळलं. पण ते खरं होतं, आणि काकांनी मान हलवली, जसं एखादं उत्तर बरोबर आलं की हलवत. तेव्हापासून आजवर कितीतरी मोठ्या माणसांशी माझा संबंध आला. चौदा वर्षांच्या पोरीसमोर उभं राहून ‘चूक माझी’ म्हणणारा दुसरा माणूस मला भेटला नाही. त्या घराचे उपकार मी मानते ते ठेच्याचे, पोळ्यांचे, सगळ्याचेच मानते. पण त्या एका वाक्याचे जास्त.

गाडीत गर्दी नव्हती. बापूंनी विचारलं, “खिडकीशी बसतीस का?” मी दचकले. बसते म्हटलं. चिकलठाणा गेलं, करमाड गेलं. बापूंनी विचारलं, “भूक लागली का?” नाही म्हटलं. थोड्या वेळानं, “वारं लागायलंय का? झाप लावू का?” लावा म्हटलं. त्यांना विचारण्याची आता गोडी लागली होती, किंवा मला दिलासा द्यायची दुसरी रीत त्यांना माहीत नव्हती. प्रत्येक उत्तर ते ऐकून घेत आणि लगेच तसं करत.

बदनापूर यायच्या आत माझं मन बदललं होतं. गाडी थांबली की वाटायचं, आता ते विचारतील, परत जायचं का ग? मग मी सांगेन, हो. उतरू, समोरची गाडी धरू, मी माफीनामा लिहीन, वाचीन, परतूर तर परतूर. जालन्याला बापूंनी चहा घेतला आणि मला, पाहिजे का, म्हणून विचारलं. परतूर आलं तेव्हा, बोचकं तू धरतीस का मी धरू, हे विचारलं. तेवढा एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्याचं उत्तर मी दिलेलं होतं, आणि दिलेल्या उत्तरावर शंका घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण कधीच होऊन गेली होती. आई चुलीपुढं बसून भाकरी थापत होती. ती माझ्याकडं, मग बोचक्याकडं, मग बापूंकडं बघत राहिली.

“ही कशी काय आली?”

“शाळा नको म्हनली.”

“म्हनली म्हनून आनली?” आईचा हात परातीतच थांबला. “पोरासोरांना इचारून करतेत व्हय असलं?”

बापू टोपी काढून खुंटीला अडकवत होते. ते म्हणाले, “इचारल्यावर मग ऐकाय नको व्हय?”

 तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी आईनं ती उलथली आणि माझ्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. आता बोलायची पाळी माझी होती, परत जायचंय एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. मी हातपाय धुवायला मागच्या अंगणात गेले.